पोचा कसा निघतो?

दोस्तांनो, तुमच्या घरी पितळेचा गुंड आहे का? आता पाणी नळाचं आणि पिंप प्लॅस्टिकचं, तेव्हा बिचारा माळ्यावरच असेल. आईला सांगून खाली काढून घ्या आणि त्याच्यावरून तळहात फिरवा. कुठे ना कुठे पोचा लागेलच!

आपला भंडारा जिल्हा पितळी भांड्यांसाठी पूर्वीपासून नावाजलेला. भांड्याचा पोचा काढायचा तर कारागीर आतून लोखंडाचं गोल टोक टेकवतो आणि बाहेरून बेताने ठोकतो. आतला आधार नसेल तर ठोका वाया जातो. आणि गंमत म्हणजे, गॅरेजमधला डेंटर मोटारीचा पोचा काढतो तोही असाच.

मोटारीचा पत्रा किती जाड असेल, सांगा पाहू? कंपासपेटीतली पट्टी घ्या आणि एक मिलिमीटर बघा. बहुतेक गाड्यांचा बाहेरचा पत्रा त्याहूनही पातळ असतो. एवढ्याशा पत्र्यावर घणाचे घाव घालून कसं चालेल? म्हणून डेंटरची हातोडी हलकी असते. तिचं तोंड गुळगुळीत आणि किंचित फुगीर असतं, म्हणजे कडेचा वण उमटत नाही. दुसऱ्या हातात 'डॉली' असते. बाहुली नाही बरं का! मुठीत मावेल असा तो लोखंडाचा जड ठोकळा. एक बाजू सपाट, एक गोल, एक वाकडी. पत्र्याला जसा बाक असेल तशी बाजू मागून धरायची.

आता खरी युक्ती. तुम्ही म्हणाल, सगळ्यात खोल जागी मागून दणका द्यावा. तिथेच घात होतो! गाडी धडकते तेव्हा मध्ये खड्डा पडतो आणि कडेला पत्र्याची वरंबी उठते. ती वरंबीच खड्ड्याला अडवून धरते. म्हणून डेंटर आधी खड्ड्याला मागून डॉलीने रेटा देतो आणि कडेच्या वरंबीवर हलके ठोके घालतो. वरंबी बसत जाते तसा खड्डा वर येतो. म्हणजे जी घडी शेवटी पडली ती आधी सोडवायची.

जास्त ठोकलं तर? हातोडी आणि डॉली यांच्यामध्ये पत्रा चेपला की तो ताणला जातो, पसरतो. मग जागा पुरत नाही आणि तो डब्याच्या झाकणासारखा टॉक-टॉक आतबाहेर होतो. शिवाय ठोकून ठोकून धातू कडक होतो. तार पुन्हापुन्हा वाकवली की शेवटी तुटते ना, तोच प्रकार.

दाराच्या पोकळीत हात जात नाही, तिथे चपटा, लांब 'स्पून' आत सारतात. तोही जात नसेल तर पत्र्याला बाहेरून छोटी चकती वेल्डिंगने चिकटवतात, तिला दांडा अडकवतात आणि दांड्यावरचं वजन सरकवून मागच्या टोकाला आपटतात. प्रत्येक आपटीला पत्रा थोडा बाहेर ओढला जातो. याला म्हणतात 'स्लाइड हॅमर'.

पिंगपाँगचा चेपलेला चेंडू गरम पाण्यात टाकला की फुगतो, कारण आतली हवा पसरते. गाडीच्या पत्र्यामागे अशी कोंडलेली हवा नसते, म्हणून ती युक्ती इथे नाही.

पत्रा सरळ झाला हे डोळ्यांना कळत नाही, तळहाताला कळतं. मग त्यावरून अलगद कानस फिरवतात. उंच जागा चकाकते, खोलगट जागा काळपट राहते. उरलेल्या बारीक खोलगटीसाठी पुट्टी. काही जण मात्र ठोकण्याचा कंटाळा करून पुट्टीचाच थर चढवतात. वरून रंग लावला की गाडी छान दिसते, पण जाड थर पुढे तडकतो. पालकांनो, रंगकामापूर्वी एकदा पत्रा बघून घ्या. पैसे आपण पत्रा सरळ करण्याचे देतो, लेप लावण्याचे नाही!

या कामाचं शिक्षणही मिळतं. आयटीआयमध्ये 'शीट मेटल वर्कर' नावाचा अभ्यासक्रम असतो. आमच्याकडे अजून पोरगं गॅरेजात दिसलं की 'वाया गेलं' म्हणतात. अशांच्या हाती एकदा डॉली देऊन एवढासा पोचा काढायला सांगावा!

तुम्ही गॅरेजात गेलात तर लांबून बघा, ठिणग्या उडत असतात. आणि डोळे मिटून आवाज ऐका. हातोडीखाली डॉली असली की 'टण्ण', नसली की 'धप्'. कोणता ठोका कोणता, ओळखता येतो का बघा.