जुन्या स्टिरिओला नवे स्पीकर

पूर्व किनाऱ्यावर १५ एप्रिल ते १४ जून असे ६१ दिवस मासेमारी बंद. चेन्नईच्या कासिमेडू बंदरात तेव्हा ट्रॉलर एकमेकांना खेटून उभे असतात. इंजिन, रंग, जाळी सगळं त्याच दिवसांत उरकायचं. यादीच्या तळाशी असतो स्टिरिओ. ओळखीच्या एका अण्णांच्या बोटीवरचा सेट जुना पण धडधाकट होता. स्पीकर मात्र गेलेले: कागदी कोन दमट हवेने मऊ पडलेला, कडेचा फोम बोट लावताच पिठासारखा गळणारा. म्हणून नवे घेताना प्लॅस्टिकचा कोन आणि रबराची कड एवढं पाहून घेतलं.

खरेदी रिची स्ट्रीटवर. मुंबईकरांनी लॅमिंग्टन रोड डोळ्यांपुढे आणावा. खोक्यावर ३०० वॉट लिहिलेलं होतं. तिकडे बघायचंच नाही. जुन्या सेटवरच्या ‘५० वॉट × ४’वरही जाऊ नये. इंजिन चालू असताना बॅटरीवर साधारण १४.४ व्होल्ट येतात. त्यातून सेट स्पीकरला फार तर १० व्होल्टच्या आसपास देऊ शकतो, म्हणजे ४ ओहमच्या स्पीकरवर २५ वॉट, आणि तेही कागदावर. वाचायचा आकडा चुंबकाच्या पाठीवर असतो: ओहम. ४ असेल तर ठीक. मल्टिमीटरवर तो ३.२ ते ३.६ दिसतो, तेव्हा स्पीकर खराब म्हणून परत करायला धावू नका. एकाच चॅनेलला असे दोन स्पीकर शेजारी-शेजारी जोडले की ते २ ओहम होतात, करंट दुप्पट ओढला जातो, सेट तापतो आणि ऐन गाण्यात गप्प होतो. चार स्पीकर हवे असतील तर चार चॅनेल वापरा. ते त्यासाठीच दिलेले असतात.

आमची खरी गाठ पडली जुन्या वायरिंगशी. दोन स्पीकरना चार तारा जायला हव्यात. छताखालून आल्या तीनच. आधीच्या कुणीतरी तार वाचवायला दोन्ही स्पीकरची मायनस एकच केली होती. फार जुन्या सेटना ते चालायचं, कारण त्यांची मायनस जमिनीलाच जोडलेली असे आणि आवाजही चार-पाच वॉटचाच. नंतरच्या सेटमध्ये प्रत्येक स्पीकरच्या दोन्ही तारा आळीपाळीने ढकलतात आणि ओढतात. त्यांतली मायनस कुठेही एकत्र केली किंवा लोखंडाला टेकली तर सेटचा आउटपुट जळू शकतो. आपला सेट कुठला, हे ओळखणं सोपं आहे. स्पीकर सोडवा, सेट चालू करा, मीटर डीसीवर लावून एक टोक बॅटरीच्या मायनसला आणि दुसरं स्पीकरच्या मायनस तारेला धरा. सहाच्या आसपास व्होल्ट दिसले की समजायचं, प्रत्येक स्पीकरला स्वतःच्या दोन तारा. आमच्याकडे सहा दिसले. जुनी वायर सगळी उपसली.

उपसलेल्या वायरचं टोक सोललं तर आत तांबं हिरवं-काळं, बोटभर नव्हे, चांगलं हातभर. कल्हई उडालेल्या भांड्यात ताक कळकतं ना, त्याच जातीचा प्रकार. खारा दमटपणा आवरणाच्या आतून तारेच्या केसांमधून चढत जातो. उपायही तोच, कल्हई. टिन्ड कॉपरची वायर आतून चंदेरी दिसते, महाग पडते, पण बोटीवर दुसरी घालू नये. जाडीही पाहा. आमच्या मागच्या डेकपर्यंत १० मीटर, म्हणजे जाऊन-येऊन २०. अर्धा चौरस मिलिमीटरच्या वायरीत तेवढ्या लांबीला सुमारे ०.७ ओहम अडथळा येतो आणि स्पीकरला मिळायच्या ताकदीतला चौथ्या हिश्शाहून जास्त भाग कमी होतो. दीड चौरस मिलिमीटरला तोच दहाव्या हिश्शाच्या आसपास राहतो.

रंग बहुतेक सेटवर ठरलेले: पांढरी पुढची डावी, राखाडी पुढची उजवी, हिरवी मागची डावी, जांभळी मागची उजवी, काळी रेघ असलेली ती मायनस. स्पीकरच्या खुणा पुसल्या असतील तर घड्याळाचा दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवा. कोन बाहेर आला तर सेलचं प्लस लागलं तेच स्पीकरचं प्लस. एक उलटा लागला तर दोघे एकमेकांचा खर्ज खातात, आणि लोक दोष स्पीकरला देतात.

वीज घेताना दोन गोष्टी. फायबरच्या बोटीला गाडीसारखी ‘बॉडी’ नसते. काळी तार थेट बॅटरीपर्यंत न्यावी लागते, आणि पिवळ्या तारेवर फ्यूज बॅटरीजवळच. दुसरं, ट्रॉलरवर दोन बॅटऱ्या जोडून २४ व्होल्ट असले, की त्यांतल्या एकीवरून १२ काढायची सवय फार जणांना असते. मग तीच एक दमते आणि चार्जिंग होताना दुसरी जास्त भरते. २४चे १२ करणारा कन्व्हर्टर लावा.

उरली जागा. केबिनमध्ये सुकाणूजवळ स्पीकर धरून बघत होतो, तेवढ्यात ड्रायव्हरने (कोकणातल्या तांडेलाचं इथलं नाव) होकायंत्राकडे बोट दाखवलं. हातभर अंतरावरून चुंबकाने तबकडी सहा-सात अंश फिरवली होती. आम्ही तसाच मागे सरकत गेलो, तबकडी जागेवर येऊन ठरेपर्यंत. मागच्या भिंतीशी ती हलेनाशी झाली, तिथेच स्क्रू मारले, स्टेनलेसचे. व्हीएचएफ वायरलेसच्या अँटेनाची केबल एका बाजूने गेली होती, म्हणून स्पीकरची वायर दुसऱ्या बाजूने नेली.

गाणं लागलं. ड्रायव्हरने आवाज पूर्ण चढवला, वायरलेस चॅनेल १६ वर ठेवला आणि शेजारच्या बोटीवरच्या पोऱ्याला हाक मारायला सांगितलं. ऐकू आलं नाही. त्याने नॉब निम्म्यावर आणला आणि तिथे नेलपॉलिशचा ठिपका दिला.