तबकडी किती दूर होती?

लडाखमध्ये पँगाँग सरोवराच्या काठी, जवळपास १४ हजार फुटांवर, ठाकुंग नावाचं ठाणं आहे. तिथल्या जवानांनी २०१२च्या ऑगस्टपासून आकाशातल्या तेजस्वी गोळ्यांची नोंद ठेवायला सुरुवात केली. फेब्रुवारीपर्यंत या नोंदी ३२९ वर गेल्या. त्यातल्या १५५ वेळा तर गोळा ताबारेषा ओलांडून आपल्या बाजूला आल्याची नोंद होती. चीनचे टेहळणी ड्रोन असणार, हा संशय साहजिकच होता. अखेर प्रकरण बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ अ‍ॅस्ट्रोफिजिक्सकडे गेलं. तिथल्या खगोलशास्त्रज्ञांनी वेळा आणि दिशा ताडून पाहिल्या, तेव्हा उलगडा झाला. संध्याकाळी दिसू लागून पहाटेपर्यंत टिकणारा ‘ड्रोन’ म्हणजे गुरू, आणि पहाटे चारच्या सुमारास उगवणारा दुसरा म्हणजे शुक्र.

हसू येतं खरं, पण त्या जवानांना हसायचं कारण नाही. समोरच्या डोंगरावरून काय येतंय यावर डोळा ठेवणं हेच त्यांचं काम. विरळ, कोरड्या हवेत ग्रह विलक्षण झगझगीत दिसतात. काळोखात एकट्या ठिपक्याकडे बराच वेळ टक लावली की तो सरकतोय असं वाटू लागतं, आणि हा भास कसलेल्या वैमानिकांनाही चुकलेला नाही. पण खरी गोम वेगळीच आहे. तो ठिपका चार किलोमीटरवर आहे की साठ कोटी, हे सांगण्याची सोय डोळ्यात नाही.

डोळ्याला दूरवरच्या वस्तूचा फक्त कोन कळतो. जवळून घिरट्या घालणारी घार आणि उंचावरून जाणारं विमान आकाशाचा तेवढाच तुकडा व्यापू शकतात. जमिनीवर झाडं, घरं, विजेचे खांब मदतीला असतात. मोकळ्या आभाळात ती मदत नसते. मग मन एक अंतर धरून चालतं, आणि त्या अंतराच्या हिशेबाने आकार आणि वेग बेतून देतं. उडत्या तबकड्यांचा गेल्या पाऊणशे वर्षांचा इतिहास बराचसा या धरून चाललेल्या अंतराचा इतिहास आहे, असं माझं मत आहे.

त्याची सुरुवात २४ जून १९४७ची. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात केनेथ अर्नोल्ड हा खासगी वैमानिक एका बेपत्ता लष्करी विमानाचा शोध घेत होता. माउंट रेनियरजवळ त्याला ओळीने जाणाऱ्या नऊ चकचकीत वस्तू दिसल्या. गडी हिशेबी होता. रेनियर ते माउंट अ‍ॅडम्स हे सुमारे ७५ किलोमीटर त्या वस्तूंनी किती वेळात कापले ते त्याने घड्याळात पाहिलं: १ मिनिट ४२ सेकंद. वेग निघाला ताशी २,७०० किलोमीटरच्या आसपास. माणसाने ध्वनीचा वेग ओलांडला तो त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात, त्यामुळे या आकड्याने खळबळ उडणारच होती. वस्तू त्या डोंगरांच्या रांगेत असतील तरच हा आकडा बरोबर. त्या बऱ्याच अलीकडे असतील तर वेग धाडकन खाली येतो, इतका की पुढे काहींनी पेलिकन पक्ष्यांचा थवाही सुचवला. अर्नोल्डला स्वतःला ते कधीच पटलं नाही, आणि त्याचं कोडं आजही निर्विवाद सुटलेलं नाही.

पुढच्याच जानेवारीत केंटकीच्या आकाशात हा खेळ जीवघेणा ठरला. कॅप्टन थॉमस मँटेल एका प्रचंड, धातूसारख्या दिसणाऱ्या वस्तूमागे आपलं लढाऊ विमान चढवत गेला. सोबत प्राणवायूची सोय नव्हती. २० हजार फुटांच्या वर त्याची शुद्ध हरपली असावी. विमान कोसळलं आणि तो गेला. आधी सांगण्यात आलं की त्याने शुक्राचा पाठलाग केला. भर दुपारी! आज जास्त पटण्याजोगा मानला जातो तो स्कायहुक, म्हणजे अमेरिकी नौदलाचा तेव्हा गुप्त असलेला, तीसेक मीटर रुंदीचा फुगा. तो मँटेलच्या विमानाला कधीही गाठता येणार नाही इतक्या उंचीवर होता.

घाईने दिलेली असली स्पष्टीकरणं भाबडेपणाइतकीच नडली. अमेरिकी हवाई दलाच्या प्रोजेक्ट ब्लू बुकने १९६९ला गाशा गुंडाळेपर्यंत १२,६१८ नोंदी तपासल्या; ७०१ अनुत्तरित राहिल्या. त्यांचे सल्लागार खगोलशास्त्रज्ञ अ‍ॅलन हायनेक मुळात पक्के संशयवादी. पण १९६६मध्ये मिशिगनला दिसलेल्या दिव्यांचं खापर त्यांनी दलदलीतल्या वायूवर फोडलं आणि देशभर त्यांची टर उडाली. पुढे हायनेकच म्हणू लागले की हवाई दल तपास कमी आणि बोळवण जास्त करतं. सरकार काहीतरी लपवतंय हा लोकांचा संशय अगदीच निराधारही नव्हता. ६० हजार फुटांच्या वर उडणारी यू-टू हेरविमानं सूर्यास्तानंतरही उन्हात चमकत. खालून जाणाऱ्या विमानांचे वैमानिक तक्रार करत, आणि खरं उत्तर ठाऊक असलेल्या सरकारला ते देता येत नसे. तबकडी कोसळल्याची कथा जिथून निघाली, त्या अमेरिकेतल्या रॉसवेलचं मी थोडक्यात उरकतो. तिथे सापडले ते अवशेष सोव्हिएत अणुचाचण्यांची चाहूल घेणाऱ्या मोगल प्रकल्पाच्या फुग्यांचे होते, असं हवाई दलाने १९९४मध्ये सांगितलं. तोवर ४७ वर्षं उलटून गेली होती.

अलीकडे पेंटागॉनने प्रसिद्ध केलेल्या चित्रफितींपैकी ‘गो फास्ट’ ही माझ्या मते सर्वांत बोधक. समुद्राच्या पाठीला जवळजवळ चिकटून काहीतरी सुसाट पळताना तीत दिसतं. नासाच्या अभ्यासगटाने पडद्यावरच्याच आकड्यांवरून भूमिती मांडली. वस्तू पाण्याला लागून नव्हती. सुमारे चार हजार मीटर उंचीवर होती, आणि तिचा वेग होता ताशी ६५ किलोमीटरच्या आसपास, म्हणजे वाऱ्यावर वाहत जाण्याइतका. पळत होतं ते कॅमेरा बसवलेलं विमान. हे आकडे हाती होते म्हणून गणित सुटलं. अमेरिकी गुप्तचर खात्याच्या २०२१च्या अहवालात मात्र १४४ घटनांपैकी एकाच घटनेचं उत्तर खात्रीने देता आलं, एक हवा निघत चाललेला मोठा फुगा. बाकीच्यांबद्दल पुरेशी माहितीच नव्हती. अशा घटनांना थेट परग्रहवासी चिकटवणं हा निव्वळ आळस आहे.

आपल्याकडे २ एप्रिल २०२२ला, पाडव्याच्या संध्याकाळी, विदर्भाने जळत्या रेघांची रांग सावकाश सरकताना पाहिली. उल्का म्हणाले, विमान पेटलं म्हणाले. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीत धातूचं भलंमोठं कडं पडलं, तेव्हा ते चीनच्या लाँग मार्च रॉकेटच्या टप्प्याचे अवशेष असावेत असा निष्कर्ष निघाला. खूण त्या संथपणातच होती. उल्का सेकंदाला ११ ते ७२ किलोमीटर वेगाने येते आणि बहुधा क्षणात विझते. कक्षेतून उतरणारा कचरा आठेक किलोमीटर वेगाने, तिरका, लांबवर जळत येतो.

असं काही दिसलं तर मोबाइल काढण्याआधी वेळ आणि दिशा नोंदवावी. हात ताठ करून मूठ धरली की ती साधारण दहा अंश झाकते. क्षितिजापासून किती मुठी वर, ते मोजावं. त्याच क्षणी पन्नासेक किलोमीटरवरच्या दुसऱ्या कुणीही हेच मोजलेलं असेल, तर दोन दिशा कागदावर काढून अंतर शाळेतल्या त्रिकोणमितीने निघतं. दोन्ही ठिकाणांहून दिशा आणि उंची अगदी सारखीच भरली, तर तो बहुतेक शुक्र.