बेत आवोतमधला कार्यक्रमाचा तास: हीसुद्धा शुश्रूषाच



लोद, रामले, अश्दोद, बेर शेवा, दिमोना, कुठेही जा, आपल्या नात्यागोत्यातले कोणी ना कोणी आज बेत आवोतमध्ये राहते. आपण भेटायला जातो तेव्हा काय विचारतो? जेवण बरे आहे का, आंघोळ वेळेवर घालतात का, औषधे नीट देतात का, चादर स्वच्छ आहे का. हे विचारलेच पाहिजे. पण "आज दिवसभर काय केलंत? कोणाशी बोललात?" हे फार थोडे लोक विचारतात. बेत आवोतमधली गाणी, खेळ, हस्तकला, बसून करायचा व्यायाम म्हणजे नुसता वेळ घालवणे, असा आपला समज असतो. अनेक वर्षे नर्सचे काम केल्यावर मी सांगते, हा समज चुकीचा आहे. तो तास म्हणजे शुश्रूषेचाच एक भाग आहे, आणि आपल्या मराठी बोलणाऱ्या माणसांसाठी तर तो जास्तच महत्त्वाचा आहे.

नुसते बसून राहिल्याने काय होते

निरोगी म्हाताऱ्या माणसालासुद्धा दहा दिवस सतत अंथरुणात ठेवले तर त्याच्या पायांतली ताकद बरीच उतरते, आणि ती परत यायला फार वेळ लागतो. खुर्चीत बसून टीव्हीकडे पाहत राहणाऱ्याचे थोड्याफार फरकाने तेच होते. दिवसा काही घडले नाही की माणूस डुलक्या घेतो. दिवसा डुलक्या झाल्या की रात्री झोप नाही. मग झोपेची गोळी सुरू होते. गोळीच्या गुंगीत रात्री लघवीला उठताना तोल जातो आणि खुब्याचे हाड मोडते. ही साखळी मी पुष्कळदा पाहिली. ती तोडायची जागा सकाळी दहा वाजता आहे, जेव्हा माणसाला उठवून, चष्मा लावून, चार माणसांत आणून बसवता येते.

बसून करायच्या व्यायामात हात वर करणे, चेंडू झेलणे, पाय उचलणे एवढेच असते. पाहणाऱ्याला तो पोरखेळ वाटतो. पण त्याने सांधे आखडत नाहीत, श्वास खोल जातो, भूक लागते आणि शौचाला साफ होते. शिवाय हसणे होते, ते वेगळेच.

भाषा मागे सरकते

आपल्यापैकी बहुतेकजण मोठेपणी हिब्रू शिकलो. कोणी उल्पानमध्ये, कोणी कारखान्यात, कोणी मुलांच्या वह्या पाहून. विस्मरणाचा आजार झाला की उशिरा शिकलेली भाषा बहुधा आधी जाते आणि लहानपणची भाषा मागे उरते. चाळीस-पन्नास वर्षे हिब्रूत बाजारहाट केलेली बाई एकाएकी फक्त मराठीत बोलू लागते. घरी असेल तर कोणीतरी समजून घेतो. बेत आवोतमधली मेतापेलेत रशियातून किंवा इथिओपियातून आलेली असते, नाहीतर अरबी बोलणारी. ती मनाने कितीही चांगली असली तरी तिला मराठी कसे कळणार?

एक उदाहरण सांगते. एक आजी दुपारी सारख्या "पाणी, पाणी" म्हणत. मेतापेलेतला ऐकू येई "पानीम", म्हणजे हिब्रूतला चेहरा. ती ओला टॉवेल आणून प्रेमाने त्यांचे तोंड पुसून जाई. आजी चिडत आणि टॉवेल भिरकावत. फाइलमध्ये लिहिले गेले, "स्वभाव आक्रमक". बाईंना फक्त तहान लागली होती. तसेच "मी, मी" म्हणणाऱ्याला "कोण?" असे विचारणारा समजतात, कारण हिब्रूत "मी" म्हणजे "कोण". अशी माणसे हळूहळू बोलणेच सोडतात. मग सगळे म्हणतात, त्यांना काही कळत नाही.

म्हणून आठवड्यातून एक तास जरी मराठी कानांवर पडली, तरी तो तास औषधासारखा उपयोगी पडतो. भाषा परत आली म्हणून आजार बरा होत नाही. पण माणूस परत माणसांत येतो.

आपल्या माणसांना काय रुचते

गाणे सर्वांत आधी. ज्यांना मुलाचे नाव आठवत नाही, तेही लहानपणचे गाणे शेवटपर्यंत म्हणतात. एलियाहू हन्नाबीचे गाणे, आपली मराठी कीर्तने, शाळेतल्या कविता, मुंबईच्या रेडिओवर "आपली आवड" आणि "कामगार सभा" मध्ये लागणारी गाणी, जे ज्याचे असेल ते. आवाज फार मोठा नको. एका वेळी वीस-पंचवीस मिनिटे पुरे, त्यानंतर थकवा येतो.

हातांची सवय त्यानंतर. भिजवून मोड आणलेले वाल समोर ठेवा आणि पाहा, आपल्या बायका न सांगता बिरडे सोलू लागतात. डोके विसरते पण बोटे विसरत नाहीत. सोलता सोलता बिरड्याच्या सणाची गोष्ट निघते, मग खिरीच्या सणाची, मग शिळ्या सणाची. ज्यांना वस्तू तोंडात घालायची सवय लागली आहे, त्यांच्या शेजारी मात्र कोणीतरी बसलेच पाहिजे. कपड्यांच्या घड्या घालणे, लोकरीचे गुंडे करणे, जुने फोटो लावणे, हीही चांगली कामे आहेत.

पुरुष बहुधा कागदाची फुले करायला तयार नसतात, आणि तो त्यांचा हक्क आहे. ज्याने आयुष्यभर रेल्वेत किंवा गिरणीत काम केले, त्याच्या हातात रंगीत खडू दिले तर त्याला अपमान वाटतो. त्यांच्यासाठी कॅरम, पत्ते, वर्तमानपत्र मोठ्याने वाचणे, क्रिकेटच्या गप्पा. आणि तफिला. चाकाच्या खुर्चीत बसलेला माणूस मिन्यानमध्ये दहावा होतो, तेव्हा त्याच्या येण्यावाचून काम अडलेले असते. आपली गरज आहे असे वाटणे, यासारखे टॉनिक नाही.

सणवार आणि खाणे: जरा जपून

भेटीला जाताना आपण प्रेमाने डबा भरून नेतो. त्याआधी तीन गोष्टी विचारा. पहिली, बेत आवोतच्या कश्रूतच्या नियमांप्रमाणे बाहेरचा पदार्थ चालतो का आणि कोठे बसून खायचा. दुसरी, साखर. मलिद्यातला गूळ हासुद्धा साखरच आहे, "गूळ चालतो" हे खरे नव्हे. तिसरी सर्वांत महत्त्वाची, गिळण्याचा त्रास आहे का. ज्यांना पाणीसुद्धा घट्ट करून देतात, त्यांना मलिद्यातले पोहे, खोबरे, बदाम देऊ नका. घास श्वासनळीत गेला तर गुदमरण्याचा आणि न्यूमोनियाचा धोका असतो. अशा माणसाच्या हातात गुलाब किंवा सब्जाची डहाळी द्या, बेराखा म्हणा, वास घेऊ द्या. मलिद्यात त्यांचाही वाटा झाला.

शब्बाथच्या दिव्यांना बहुतेक ठिकाणी आगीच्या भीतीने विजेच्या मेणबत्त्या असतात. त्यावरून वाद घालू नका. किद्दूशला वाइनऐवजी द्राक्षाचा रस चालतो, औषधे घेणाऱ्यांना तोच बरा. मात्र त्यातही साखर असते, घोटभर पुरे.

आणि चहा! इथला चहा म्हणजे गरम पाण्यात बुडवलेली पुडी. आपल्या माणसाला दुधाचा उकळलेला चहा हवा असतो. मांसाहारी जेवणानंतर तो मिळणार नाही, पण सकाळी किंवा दुपारी उशिरा मिळू शकतो. सांगितल्याशिवाय कोणाला कळणार?

हा तास नर्सचा थर्मामीटरही असतो

कालपर्यंत टाळ्या वाजवणारा माणूस आज एकाएकी मान खाली घालून बसला, भलतेच बोलू लागला, किंवा दिवसभर झोपून राहिला, तर "वय झाले" म्हणून सोडू नका. लघवीतला जंतुसंसर्ग, पाणी कमी पडणे, बद्धकोष्ठ, नवीन औषध, कोठेतरी दुखणे, यांपैकी काहीही असू शकते. म्हाताऱ्या माणसाला ताप न येताही संसर्ग होतो. त्याच दिवशी नर्सला सांगा. बोलणे अडखळले, तोंड वाकडे झाले किंवा एक हात उचलेनासा झाला तर त्याच मिनिटाला सांगा.

हळूहळू येणाऱ्या अबोल्याची कारणे पुष्कळदा साधी असतात. कानातल्या यंत्राची बॅटरी संपलेली, कानात मळ साठलेला, चष्मा दुसऱ्याचा, कवळी सैल. आधी ती पाहा. पण जेवण, झोप, रस दोन आठवडे गेला असेल तर ते नैराश्य असू शकते आणि त्याला उपचार आहे. डॉक्टरांशी बोला.

संध्याकाळी काहीजण "मला घरी जायचंय" म्हणून दाराशी उभे राहतात. "हेच तुमचं घर" असे सांगून वाद वाढतो. त्याऐवजी विचारा, "घरी कोण कोण आहे? अंगणात काय आहे?" बोलता बोलता घालमेल कमी होते.

आपण काय करायचे

१. एका कागदावर, मोठ्या हिब्रू अक्षरांत, माणसाची माहिती लिहून पलंगाशी लावा: घरचे लाडके नाव, गाव, केलेले काम, आवडते गाणे, चहा कसा लागतो, कशाची भीती वाटते, कोणता कान बरा आहे.

२. त्याखाली दहा मराठी शब्द हिब्रू अक्षरांत आणि पुढे त्यांचा अर्थ लिहा: पाणी, भूक, दुखतंय, शू, थंडी, गरम, चहा, झोप, नको, बस.

३. भेटायला कार्यक्रमाच्या वेळीच जा आणि शेजारी बसा. तुम्ही टाळी वाजवलीत की तेही वाजवतील.

४. सोशल वर्करला भेटून आठवड्यातून एक मराठी तास मागा. दोन आजी आणि एक पाहुणा एवढ्यावर तो सुरू होतो. तुमचे स्वतःचे कोणी तेथे नसले तरी जा.

५. बेत आवोत निवडायचे असेल तर सकाळी दहाला आणि दुपारी चारला, असे दोनदा जाऊन पाहा. भिंतीवरचे वेळापत्रक वाचा, आणि त्या वेळी खरोखर तेच चालले आहे का ते पाहा. किती माणसे टीव्हीसमोर झोपलेली आहेत, ते मोजा.

६. अजून घरीच असाल तर मेर्काझ योमची चौकशी करा. बितुआख लेउमीकडून मिळणाऱ्या मदतीच्या तासांपैकी काही तिकडे वापरता येतात. घरात एकटे बसण्यापेक्षा ते बरे.

एक गोष्ट विसरू नका. "नको" म्हणण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. आज नको म्हणाले तर उद्या पुन्हा विचारा, पण ओढून नेऊ नका.

आणि शेवटी तुमच्या-माझ्याविषयी. वर सांगितलेला कागद दुसऱ्यासाठी लिहाल तेव्हा एक स्वतःसाठीही लिहा. आज आपल्याला आठवते, बोलता येते, हात चालतो. नातवंडांना मराठी येत नसेल तर त्यांच्याकडूनच तो हिब्रूत लिहून घ्या. त्या निमित्ताने त्यांना कळेल की आजीचे गाणे कोणते आणि आजोबांना चहात साखर किती लागते.

देव आपणां सर्वांना एकशे वीस वर्षांपर्यंत सुखात ठेवो, आणि बोलायला कोणीतरी जवळ असो.