खोली कोणाची?

घरी पाव करू पाहणाऱ्यांना पुस्तके सांगतात : ‘गोळा खोलीच्या तापमानाला तासभर ठेवा.’ पण खोली कोणाची? साहेबाची की आमची नाशिकची? इथे वैशाखात पारा चाळिशीला टेकतो, पौषातल्या पहाटे १० अंशांच्याही खाली उतरतो! यीस्ट हा जीव आहे. उन्हाळ्यात तो पाऊण तासात गोळा दुप्पट फुगवील, थंडीत तीन-चार तास घेईल. (सावकाश फुगलेला पाव अधिक रुचकर, असे आपले माझे मत.) ‘पाव’ हा शब्द देणाऱ्या पोर्तुगीजांच्या गोव्यात पोदेर पूर्वी माडी घालून पीठ आंबवीत. मी घड्याळाऐवजी बोटावर विसंबतो : खुपसलेल्या बोटाचा खळगा हळूहळू, अर्धवट भरला की ओव्हन तापवावा, झटकन भरला तर थांबावे. भाऊबिजेच्या सकाळी पाव हवा असेल, तर यीस्ट चिमूटभरच घालून गोळा आदल्या रात्री मळून ठेवावा.