आपल्या आळीतला पडदा

आज सिनेमाबद्दल बोलूया. नटनट्यांच्या गप्पा नाहीत बरं का! आपल्याच आळीत, आपल्याच गटानं पडदा लावून आपली गाणी, आपला इतिहास सांगणारे सिनेमे एकत्र कसे बघायचे, ते सांगणार आहोत.

कुणी म्हणेल, "हातात मोबाईल असताना पडदा कशाला?" पण घरातला चांगला फोन बहुतेक वेळा मुलाच्या नाहीतर नवऱ्याच्या खिशात असतो. आणि एकटीनं बघितलेलं एकटीपाशीच राहतं. चौघीजणींत बघितलं की बोलणं निघतं.

आपल्यातल्या वयस्क बायांना जत्रेतला तंबू आठवत असेल. ट्रकमधून मशीन यायचं, जमिनीवर बसायचं, बायांची बाजू वेगळी. या फिरत्या टॉकीजवर 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' नावाचा माहितीपट निघाला, २०१६ मध्ये फ्रान्समधल्या कान महोत्सवात त्याचा गौरवही झाला. पण तंबूत काय लागणार ते मालक ठरवायचा. आळीतल्या पडद्यावर काय लागणार ते आपण ठरवायचं.

मग सुरुवात कशानं करावी? आम्ही सुचवू, प्रभात कंपनीचा १९३६ सालचा 'संत तुकाराम'. दामले आणि फत्तेलाल यांनी तो केला, विष्णुपंत पागनीस तुकोबा झाले. १९३७ मध्ये इटलीतल्या व्हेनिसच्या महोत्सवातही तो गाजला. अभंग तर आपल्या भजनी मंडळाच्या तोंडचेच. पण बघताना जिजाईवर नजर ठेवा. ते काम गौरी या नटीनं केलंय. तुकोबा विठ्ठलाच्या नादात, घरात पोरं उपाशी. जिजाई चिडते, बोलते, पण राबतेही तीच. शेवटी वैकुंठाला चल म्हटल्यावर ती जात नाही. पोरांना जेवू कोण घालणार? इथं सिनेमा थांबला की विचारा, "बायांनो, कुणाचं बरोबर?" मग बघा, कधी न बोलणारीही बोलते.

दुसरा, व्ही. शांताराम यांचा 'कुंकू', साल १९३७. नीरा नावाच्या मुलीचं फसवून म्हाताऱ्याशी लग्न लावलं जातं आणि ती त्याला नवरा मानायला नकार देते. नीरा झालीय शांता आपटे. या सिनेमात पार्श्वसंगीत नाही, घरातले नि रस्त्यावरचे आवाजच ऐकू येतात. पोरीच्या मनाविरुद्धची लग्नं अजून संपली नाहीत, म्हणून हा सिनेमा जुना वाटत नाही. शेवट मनाला लागणारा आहे. संपल्यावर लगेच उठू नका, थोडा वेळ एकत्र बसा.

आता कायद्याचं. सिनेमाचा कॉपीराइट तो प्रसिद्ध झाल्याच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं असतो. वरच्या दोन्ही सिनेमांची ती मुदत संपली आहे. नवा सिनेमा किंवा माहितीपट दाखवायचा असेल, तर बनवणाऱ्यांची लेखी परवानगी घ्या. तिकीट लावू नका, गटाच्या कार्यक्रमासारखंच ठेवा.

सामान फार लागत नाही. प्रोजेक्टर शाळेत किंवा ग्रामपंचायतीत आहे का, विचारा. पांढरी चादर चारी बाजूंनी ताणून बांधा, सुरकुती पडली की तोंडं वाकडी दिसतात. स्पीकर पडद्याजवळच ठेवा. सिनेमा आधी एकदा लावून आवाज तपासा. वायरवर कुणाचा पाय पडणार नाही असं बघा. लाईट जाण्याची वेळ माहीत करून घ्या. रात्री १० नंतर उघड्यावर स्पीकर लावता येत नाही आणि हे सिनेमे दोन तासांच्या वर आहेत. म्हणून अर्धा आज, अर्धा उद्या असं करा. सुगीचे दिवस टाळा.

आणि बसायची जागा! पुढच्या रांगा बायांच्या. नाहीतर बाप्ये पुढं बसतात आणि आपण दारातून डोकावतो. येणारीच्या घरी त्या दिवशी भाकरी कोण थापणार, तेही आधीच बोलून ठेवा. पुष्कळजणींचं येणं तिथंच अडतं.

शेवटचं. सिनेमा सुरू व्हायच्या आधी पाच मिनिटं आपल्या गावाची ठेवा. हेमा राईरकर आणि गी पॉयट्वाँ यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावी फिरून जात्यावरच्या १ लाखाहून जास्त ओव्या गोळा करवल्या. आपल्या गावातल्या म्हाताऱ्या अजून गातात. त्यांना विचारून, त्यांची परवानगी घेऊन फोनवर चित्रण करा आणि तेच पडद्यावर लावा. जात्याशी बसून गाणारी आपलीच आजी भिंतीएवढी मोठी दिसली, की इतिहास फक्त राजांचा नसतो हे पोरींना वेगळं सांगावं लागत नाही.

तर पुढच्या बैठकीत तीन गोष्टी ठरवा. सिनेमा कोणता, चादर कुणाची आणि पहिली ओवी कुणाची.