जिन्यातलं कपाट

वरळीच्या बीडीडी चाळीतली आमची खोली पुनर्विकासासाठी रिकामी करायची वेळ आली, तेव्हा बाकीचं सामान भराभर निघालं आणि कपाट मागे उरलं. गोदरेजचं, साडेसहा फुटी, वडिलांनी गिरणीच्या बोनसातून घेतलेलं. खोली १६० चौरस फुटांची, दाराबाहेर मधला अंधारा बोळ, बोळाच्या दोन्ही अंगांना मिळून मजल्यावर वीस बिऱ्हाडं आणि शेवटी वळणाचा जिना. आम्ही तिसऱ्या मजल्यावर. चार पोरं कपाटाला हात घालणार तेवढ्यात शेजारचे अण्णा म्हणाले, "थांबा रे. आधी काठी फिरवू."

अण्णांनी कपाटाच्या उंचीची बांबूची काठी कापून आणली होती. ती दारातून आडवी काढली, बोळात उभी केली, जिन्याच्या वळणावर तिरकी करून फिरवली. दुसऱ्या मजल्यावर काठीचं टोक एका पिंपाला टेकलं. ते पिंप तिथे कुणाचं होतं देव जाणे, पण कपाट वर चढवलं त्या वर्षी ते नव्हतं. आधी पिंप सरकलं, मग कपाट उतरलं. एक ओरखडा पडला नाही.

मी तीस वर्षं यंत्रशाळेत काढली आहेत. त्यातली निम्मी पाच अक्षांच्या सीएनसी मशीनचे प्रोग्रॅम लिहिण्यात आणि ते मशीनवर उभं राहून प्रूव्ह करण्यात गेली. प्रूव्ह करणं म्हणजे संगणकावर लिहिलेला प्रोग्रॅम पहिल्यांदा खऱ्या मशीनवर, खऱ्या धातूवर चालवून पाहणं. चाळीतले लोक विचारायचे, नक्की काय करतोस रे तू? हल्ली मी सांगतो, अण्णांनी जिन्यात जे केलं तेच करतो.

साध्या मिलिंग मशीनला तीन दिशा असतात: डावं-उजवं, पुढे-मागे, वर-खाली. आमच्या भाषेत एक्स, वाय आणि झेड. कपाट नुसतं सरळ सरकवता आलं असतं तर ते जिन्यातून कधीच उतरलं नसतं. त्याला कलवावं लागतं आणि फिरवावंही लागतं. हे कलणं आणि फिरणं म्हणजे चौथा आणि पाचवा अक्ष. बऱ्याच मशीनमध्ये जॉब, म्हणजे कापायचा तुकडा, ज्या टेबलावर बांधतात ते टेबलच दोन बाजूंनी टांगलेलं असतं आणि पाळण्यासारखं झुलतं; त्याला ए अक्ष म्हणतात. पाळण्याच्या मधोमध एक गोल चकती स्वतःभोवती फिरते, तो सी अक्ष. कटर वरून तीन दिशांना हलतो, खाली जॉब कलतो नि फिरतो, आणि हे पाचही एकाच वेळी, एका लयीत चालतात.

इतका खटाटोप कशाला? पंपाचं किंवा टर्बोचार्जरचं पंखाचाक डोळ्यांसमोर आणा. पाती पिळलेली, दोन पात्यांमधली खाच तळाशी वळलेली. सरळ उतरणारा कटर त्या खाचेत गेला तर शेजारच्या पात्याला घासणारच. शिवाय गोल टोकाच्या कटरची एक गोम आहे. तो कितीही वेगाने फिरो, त्याच्या टोकाच्या अगदी मधल्या बिंदूचा वेग शून्य असतो. तिथे धातू कापला जात नाही, रगडला जातो. कटर थोडा तिरका धरला की धारेची बाजू कामाला लागते आणि पृष्ठभाग आरशासारखा निघतो. आणि जॉब एकदाच बांधून त्याच्या पाच बाजू करता येतात. प्रत्येक वेळी जॉब सोडला, उलटा केला, पुन्हा बांधला की थोडी चूक आत शिरतेच.

या विद्येची मुळं शोधायला आम्हा गिरणगावातल्या पोरांना फार लांब जायला नको. वडील साचेखात्यात होते. कापडावर नक्षी उठवायला कुठला दोरा वर आणि कुठला खाली हे छिद्रांच्या पत्त्यांवर आधीच लिहून ठेवायचं आणि मागाने ते मुकाट वाचायचं, ही युक्ती फ्रान्समध्ये जॅकार्डने १८०४ च्या सुमारास बसवली. छिद्र म्हणजे हो, छिद्र नाही म्हणजे नको. दीडशे वर्षांनी, १९५२ साली, अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये छिद्रांच्या कागदी पट्टीवर चालणारं मिलिंग मशीन लोकांना दाखवलं गेलं. त्यामागची कल्पना जॉन पार्सन्स या कारखानदाराची. त्याच्यापुढे हेलिकॉप्टरच्या पात्यांचे वक्र आकार अचूक उतरवण्याचा प्रश्न होता. १९८२ च्या जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला आणि वडिलांचा माग कायमचा थांबला. मी आयटीआयला गेलो, लेथवर लागलो आणि पुढे संगणकावर बसलो. पण पडद्यावर पहिला प्रोग्रॅम पाहिला तेव्हा वडिलांनी सांगितलेले ते पत्तेच आठवले.

आता प्रोग्रॅमकडे. जॉबचं त्रिमितीय चित्र संगणकात घेऊन कटरची वाट आखणारी सॉफ्टवेअर आहेत. ती वाट म्हणजे हजारो बिंदू आणि प्रत्येक बिंदूवर कटर कुठल्या दिशेने कललेला असावा याची नोंद. पण ही वाट अजून कुठल्याच मशीनची नसते. कुणाचं टेबल झुलतं, कुणाचं कटर फिरवणाऱ्या स्पिंडलचं डोकं झुलतं, कुणाचं दोन्ही थोडंथोडं. म्हणून मध्ये पोस्ट प्रोसेसर नावाचा दुभाषा लागतो. तो वाटेचं भाषांतर त्या एका मशीनच्या बोलीत करतो. दुभाषाने एक शब्द चुकवला तर मशीन आज्ञाधारकपणे चुकीचंच करतं. कटरचं टोक जॉबवरच्या बिंदूला धरून ठेव, बाकी अक्षांचं तू बघ, अशी आज्ञा कंट्रोलरला द्यावी लागते. फानुकच्या कंट्रोलरवर ती जी ४३.४, सीमेन्सवर ट्राओरी, हायडेनहाइनवर एम १२८. ही एक ओळ राहिली की टेबल कलतं, पण कटर त्याच्यामागे जात नाही.

गणिताने केलेला एक सापळाही असतो. कटर जॉबवर अगदी सरळ उभा असतो तेव्हा सी अक्षाला कुठलाही कोन चालतो. त्या क्षणी वाट जरा या बाजूची त्या बाजूला कलली, तर चकतीला एकदम १८० अंश गिरकी घ्यावी लागते. पडद्यावर कटर केसभर हललेला दिसतो, मशीनवर मात्र शंभर किलोचं टेबल गर्रकन फिरतं. अशा जागी मी वाट मुद्दाम दोन-तीन अंश कलती ठेवतो.

पडद्यावर सगळं चालवून बघता येतं. मशीन, पाळणा, जॉब धरणारं फिक्स्चर, कटर, त्याला धरणारा होल्डर, सगळ्यांची चित्रं हलतात आणि टक्कर झाली की लाल रंग चमकतो. ही सोय मोलाची आहे. मात्र पडद्याला तेवढंच ठाऊक असतं जेवढं आपण त्याला सांगितलं. दुसऱ्या मजल्यावरचं पिंप त्याला ठाऊक नसतं.

हे मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. एका कारखान्यात जॉब बांधणाऱ्या रात्रपाळीच्या सेटरला हव्या मापाचा स्टड मिळाला नाही, म्हणून त्याने लांब स्टड लावून क्लॅम्प आवळला. काम पक्कं झालं, पण स्टड क्लॅम्पच्या वर बोटभर निघाला. पडद्यावर आखूड स्टड, टेबलावर लांब. सकाळी मी आलो. माल उशिरा चालला होता, सिम्युलेशन स्वच्छ होतं, म्हणून ड्राय रन, म्हणजे धातूला न टेकता हवेत चालवून पाहणं, गाळला. पाळणा ७५ अंश कलला आणि होल्डर त्या स्टडवर बसला. तो आवाज मी अजून विसरलेलो नाही. स्पिंडलचं बेअरिंग गेलं, मशीन तीन आठवडे उभं राहिलं. सेटरला कुणी बोलायच्या आत मी साहेबांना सांगितलं, काठी मी फिरवायला हवी होती.

त्या दिवसापासून मी क्रम मोडत नाही. आधी स्पिंडल अर्धा तास फिरवून मशीन गरम करतो. तापमान एका अंशाने वाढलं की एक मीटर पोलाद सुमारे १२ मायक्रॉन वाढतं आणि आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. सकाळचं माप आणि दुपारचं माप यांत फरक पडतोच. मग टेबलावर एक अचूक गोळा बांधून, प्रोबने त्याला वेगवेगळ्या कोनांत स्पर्श करून पाळण्याचा फिरण्याचा मध्य तपासतो. हा मध्य १० मायक्रॉनने चुकला असेल, तर जॉब १८० अंश फिरवल्यावर समोरासमोरच्या दोन बाजूंत २० मायक्रॉनची पायरी उमटते. कोनाची चूक आणखी लबाड. अंशाचा शंभरावा भाग चुकला, तर मध्यापासून २०० मिलिमीटरवर टोक ३५ मायक्रॉन सरकतं.

मग टूलची यादी. प्रत्येक कटर हातात घेऊन त्याची लांबी, त्रिज्या, होल्डरबाहेर किती काढलाय ते बघायचं. कागदावर १२ नंबर आणि मशीनच्या खिशात १३ नंबर, एवढ्याने घात होतो. प्रोग्रॅमही डोळ्यांखालून घालतो, विशेषतः हाताने टाकलेल्या ओळी. जुन्या कंट्रोलरवर एक्स ५० लिहून दशांशाचा टिंब विसरलात, तर मशीन त्याचा अर्थ पन्नास मिलिमीटर घेत नाही, पन्नास मायक्रॉन घेतं. एका टिंबाने हजारपट फरक.

नंतर हवेत कापणं. तीन अक्षांच्या मशीनवर जॉबचा झीरो ५० मिलिमीटर वर उचलला की कटर सुखरूप हवेत फिरतो. नवशिके पाच अक्षांवरही तेच करतात आणि फसतात. टेबल ९० अंश कललं की जॉबचं वर आडवं होतं आणि तुमचे ते ५० मिलिमीटर बाजूला निघून जातात. म्हणून मी कंट्रोलरला कटरच ५० मिलिमीटर जास्त लांब असल्याचं सांगतो. मग टेबल कसंही कलो, टोक कटरच्या अक्षावरच मागे राहतं. ही युक्ती मला एका म्हाताऱ्या सेटरने दिली. कुठल्याही मॅन्युअलमध्ये ती मला दिसलेली नाही.

खरं कापायला लागलो की सिंगल ब्लॉक, म्हणजे एकेक ओळ, प्रत्येक ओळीला बटण. वेगवान हालचाल पाच टक्क्यांवर. मशीन मोकळं सोडलं तर मिनिटाला ३० मीटर धावतं, म्हणजे सेकंदाला अर्धा मीटर. माणसाच्या डोळ्याने पाहून बोटाने बटण दाबायला पाचवा हिस्सा सेकंद लागतो, तेवढ्यात कटर १०० मिलिमीटर पुढे गेलेला असतो. पाच टक्क्यांवर तो फक्त पाच मिलिमीटर जातो. डावा हात फीडच्या चकतीवर, उजवा अंगठा फीड होल्डवर, म्हणजे थांबवायच्या बटणावर, आणि नजर दोन ठिकाणी. पडद्यावर डिस्टन्स टू गो असा आकडा असतो, या ओळीत अजून किती जायचंय. पडदा म्हणतो चाळीस उरले, डोळा म्हणतो वीसच जागा आहे. अशा वेळी डोळ्याचं ऐकायचं, थांबायचं आणि वाद नंतर घालायचा. टायटॅनियमचा महागडा ठोकळा असेल तर आधी नायलॉनवर किंवा साध्या ॲल्युमिनियमवर एक पीस काढतो. आवाज मात्र खऱ्या धातूतच कळतो. कटर थरथरायला लागला की सूर बदलतो, पृष्ठभागावर लाटा उठायच्या आधीच तो कानाला लागतो.

पहिला पीस उतरला की मोजणीला. तिथून आकडे येतात, ऑफसेट सुधारतात, दुसरा पीस जास्त निश्चिंत निघतो. दहाव्या पिसाला कुणी मशीनकडे बघतही नाही. सगळं भय आणि सगळं शहाणपण पहिल्या पिसात असतं.

या मशीनना जगाने किती किंमत दिली याचा एक दाखला सांगतो. १९८७ साली उघड झालं, की जपानच्या तोशिबा मशीन कंपनीने पाणबुड्यांचे पंखे कापणारी बहुअक्षीय मशीन्स सोव्हिएत संघाला नियम मोडून विकली होती. अमेरिकेत खासदारांनी संसदेसमोर तोशिबाचा रेडिओ हातोड्याने फोडला. आजही उत्तम पाच अक्षांची मशीन्स देशाबाहेर पाठवायला बऱ्याच देशांत परवाना लागतो. ते नियम ठरवणाऱ्या वासेनार गटात भारत डिसेंबर २०१७ मध्ये आला.

आणि आपल्याकडे? ज्या गोदरेजने १९२३ साली पोलादी कपाट बाजारात आणलं, त्याच गोदरेज अँड बॉइसच्या विक्रोळीच्या कारखान्यात इस्रोसाठी विकास इंजिनं बनतात. १४ जुलै २०२३ रोजी चांद्रयान-३ घेऊन निघालेल्या रॉकेटच्या द्रव इंधनाच्या टप्प्यात दोन विकास इंजिनं होती. अशा इंजिनांच्या पंपांतली चाकं हीच आमच्या धंद्यातली खरी परीक्षा. मुंबईपासून पुण्यापर्यंत आणि औरंगाबादपर्यंत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरपर्यंत, या कामाचे हात आहेत. तिथल्या इंडो-जर्मन टूल रूममधून निघालेली पोरं मी कामाला घेतली आहेत. त्यांचा पाया पक्का असतो.

पण एक गोष्ट मला टोचते. नवी पोरं सॉफ्टवेअर माझ्यापेक्षा झटकन शिकतात, आणि मालक त्यांना गार खोलीत बसवून ठेवतात. मशीनसमोर उभं राहायला वेळ देत नाहीत. प्रूव्हिंगला चार तास लागतील म्हटलं की उत्तर येतं, मशीन उभं राहतं त्याचं काय? मी म्हणतो, ते चार तास कोटेशनमध्ये लिहा, गिऱ्हाइकाला दाखवा, त्याचे पैसे घ्या. तो वेळ वाया गेलेला नाही, तेही काम आहे. आणि प्रोग्रॅम लिहिणाऱ्या पोराने पहिला पीस स्वतः काढावा, हात कूलंटमध्ये बुडवून. ज्याला स्वतःचा प्रोग्रॅम चालवायची भीती वाटते तो पुढचा प्रोग्रॅम नीट लिहितो.

ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या, त्यात आम्हीही होतो. ५०० चौरस फुटांचं घर. तिथे कपाट न्यायचं होतं. पोरांनी विचारलं, आता काठी कशाला, आता लिफ्ट आहे. अण्णांनी काहीच न बोलता काठी माझ्या हातात दिली. लिफ्टच्या दारात ती बसली. आत उभी केली तर वरच्या पंख्याच्या जाळीला टेकली. कपाट तिरकं केलं, पाय मागच्या कोपऱ्यात घातले आणि दार हळूच लावून घेतलं.