विजेचं खत, विजेचं पाणी

हवेत ठिणगी पाडून तयार झालेला वायू पाण्यात जिरवायचा आणि ते पाणी रोपांना द्यायचं, हे ‘प्लाझ्मा-पाणी’ आज नवलाईचं म्हणून दाखवलं जातं. त्याचं मूळ यंत्र मात्र शंभर वर्षांपूर्वीचं, नॉर्वेतल्या नोटोडेन गावचं आहे.

क्रिस्तियान बर्कलंड हा ध्रुवीय प्रकाशाचा अभ्यासक. त्याला विजेच्या जोरावर गोळा फेकणारी तोफ करायची होती. 1903 मध्ये भर सभागृहात तिचं प्रात्यक्षिक शॉर्टसर्किट होऊन फसलं. पण असा भडका हवेतला नायट्रोजन बांधू शकतो, हे मर्म त्याने हेरलं. त्याच वर्षी सॅम आयडे हा इंजिनियर भेटला. त्याच्या हाती धबधबे होते आणि डोक्यात खताचा कारखाना. 1905 मध्ये दोघांच्या खटपटीतून ‘नॉर्स्क हायड्रो’ ही कंपनी उभी राहिली.

नोटोडेनची त्यांची भट्टी पाहण्यासारखी होती. तांब्याच्या दोन पोकळ नळ्या, वितळू नयेत म्हणून आतून सतत पाणी खेळवलेलं. दोहोंमध्ये विजेची ज्योत पेटायची आणि चुंबक तिला भाकरी थापावी तशी चपटी, गोल पसरवायचं. सुमारे 3000 अंशांच्या त्या चकतीतून हवा गेली की नायट्रोजन आणि ऑक्सिजनची सोयरीक जुळे. वायू झटकन थंड केला नाही, तर ती लगेच मोडे. इतकं करून हाती लागे जेमतेम एक-दोन टक्के नायट्रिक ऑक्साइड. ग्रॅनाइटच्या मनोऱ्यांत ते पाण्यात जिरवून नायट्रिक आम्ल आणि त्यात चुनखडी विरघळवून कॅल्शियम नायट्रेट. आपले द्राक्षबागायतदार ठिबकमधून सोडतात, तेच खत.

वीज मात्र बेसुमार लागे. कमी ऊर्जेत नत्र बांधणारी हाबर-बॉश पद्धत आली आणि ही भट्टी मागे पडली.

प्लाझ्मा-पाण्याचं यंत्र तिचंच छोटं भावंड. पाण्यात नायट्रेट, नायट्राइट आणि हायड्रोजन पेरॉक्साइड उतरतं, पाणी आंबट होतं. या मिश्रणामुळे बियांवरची बुरशी कमी होते, कधी बी लवकर रुजतं. गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेतही यावर काम चालतं. बीजप्रक्रियेसाठी मला हे आशादायक वाटतं. अख्ख्या शेताचं नत्र त्यातून भागवायचं म्हटलं, तर नोटोडेनचा विजेचा हिशेब पुन्हा आडवा येतो.

तेव्हा असं यंत्र कोणी दाखवलं, तर शेजारी साध्या पाण्यावरची रोपं पाहून भुलू नका. तेवढंच नायट्रेट घातलेल्या पाण्यावरचा वाफा मागा, आणि लिटरमागे किती वीज जळली तेही विचारा.